आबांचं तोंड कोण बघणार

माझ्या वडिलांनी जन्मभरात हजारो तोंडं उघडून बघितली असतील, पण त्यांत माणसाचं एकही नव्हतं.

आमचं घर मेंढरांचं. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा कोरडा पट्टा, बाभळी, कुसळं आणि नजर जाईल तिथवर माळ. मेंढरू विकत घ्यायचं तर त्याच्या जन्माचा दाखला कोण देणार? तोंड उघडायचं आणि दात बघायचे. मेंढराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली तेवढे आठ. आठही दुधाचे असले तर जनावर आदत, म्हणजे अगदी कोवळं. मधले दोन पडून मोठे आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही मोठे आले की म्हणायचं, जुळलं. तिथून पुढं उतार. दात लांबतात, फटी पडतात, हलतात, पडतात. त्याला आम्ही बोळकं म्हणतो. बोळक्या मेंढीला गवत तोडता येत नाही, ती डोळ्यांदेखत वाळत जाते, म्हणून तिला कळपात ठेवत नाहीत. शनिवारच्या बाजारात नेतात.

हे मला आबांनीच शिकवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. डाव्या हातानं हनुवटी धरायची, उजवा अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालायचा, कारण तिथं दात नसतात, आणि खालचा ओठ ओढायचा. "भ्यायचं न्हाई आन धसमुसळेपना करायचा न्हाई. तुजा हात थरथरला की तिला कळतंय," असं सांगायचे. गावातल्या बायका नाकं मुरडायच्या, पोरीला हे कशाला म्हणून. आबांना त्याचं काही नव्हतं. माझ्याकडं नजर आहे, असं ते चारचौघांत सांगायचे, आणि मला त्याचा लय अभिमान होता. अजून आहे.

एवढं सगळं आधी सांगायचं कारण असं, की हे ठाऊक नसेल तर माझ्या बापानं आपला अख्खा कळप विकायला का काढला, हे कुणाच्याच डोक्यात शिरणार नाही.

लग्न होऊन मी कुपवाडला आले त्याला वीस वर्षं झाली. तिथल्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला आहे. गावी जाणं जत्रेपुरतं. त्या वर्षी जत्रा रविवारी होती आणि मी सुट्टी काढून त्याआधीच्या सोमवारीच जाऊन धडकले. आबा घरीच होते. एरवी ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन साताऱ्याकडं कृष्णाकाठी जातात. तिकडं ऊस तुटला की रिकाम्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. तिथून ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततात. त्या वर्षी शिमग्यालाच परत आले होते. मी विचारलं तर आई म्हणाली, "कट्टाळा आला म्हनं." आबांना कंटाळा, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुपारी जेवायला बसलो. आबांचं जेवण मला पाठ आहे. बाजरीच्या भाकरीचा कडक पापुद्रा आधी सोडवायचा, बुक्कीनं कांदा फोडायचा, आणि दोन्ही मिळून असं खायचं की ओसरीवर आवाज यावा. त्या दिवशी त्यांनी पापुद्रा सोडवला आणि गुपचूप कुत्र्यापुढं टाकला. उरलेली मऊ भाकरी दुधात कुस्करली. कांदा ताटात तसाच. घास तोंडात गेला की मान डावीकडं कलायची. पाणी पिताना त्यांनी तांब्या वर धरला, एक घोट घेतला, आणि डोळे गच्च मिटले. क्षणभरच. मग काही झालंच नाही असा चेहरा केला.

मी ते लगेच ओळखलं. कारण हे सगळं मी करून बसले होते. सव्विसाव्या वर्षी माझ्या उजव्या दाढेत गार पाण्याची कळ यायची. वर्षभर मी लवंग दाबली, बाहेरून गालाला बाम चोळला, एका बाजूनं चावले. दाढेवर काळा ठिपका दिसायचा, तर अन्न अडकलं असेल म्हणून टाचणीनं कोरायची. शहाणी. शेवटी गाल सुजला तेव्हा गेले आणि दाढ काढून टाका म्हणून मीच हटून बसले. काढली. पुढं शेजारची दाढ त्या खड्ड्याकडं कलली आणि तीही किडली. ती मात्र सांगलीच्या एका दाताच्या डॉक्टरीणबाईनं वाचवली. तेव्हापासून कुणी गार पाण्याला डोळे मिटले की मला ते दिसतं. दिसल्यावर गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव.

"आबा, दाढ दुकतीय का?"

"न्हाई."

"मंग पापुद्रा कुत्र्याला का घातला?"

"कुत्र्याला भूक न्हाई लागत व्हय?"

आईनं पदर तोंडाला लावला. चुलीपाशी गेल्यावर ती हळूच म्हणाली की पाच-सहा महिने हेच चाललंय. उजव्या गालात तंबाखूची गोळी धरायची, बधिर झालं की दिवस काढायचा. आधी दिवसाला एक पुडी लागायची, आता तीन लागतात. कृष्णाकाठी असताना खालचा पुढचा एक दात पडला, तो त्यांनी उसाच्या पाल्यात फेकून दिला आणि दुसऱ्या दिवशी परतीची वाट धरली. "आन आता येत्या शनवारी मेंढरं घालवायची म्हनत्यात," आई म्हणाली. "समदी."

मी तशीच बाहेर आले. माझा आवाज चढला होता, हे मी कबूल करते. आमच्यात रागाचा मक्ता माझ्याकडंच आहे. म्हटलं, आबा, साठ मेंढरं, तुमच्या बापापासूनचा कळप, असा शनिवारच्या बाजारात घालवायचा? झालंय काय तुम्हाला?

त्यांनी शांतपणे खालचा ओठ दोन बोटांनी ओढला. मधे एक खिंडार. शेजारचे दोन दात त्यांनी जिभेनं हलवून दाखवले.

"हे झालंय. बोळकं. तुला सांगाय पायजे व्हय? बोळक्या मेंढीनं कळपाच्या मागं रेंगाळायचं नस्तं. व्यापाऱ्याला शब्द दिलाय. म्होरल्या सोमवारपास्नं म्या हितंच बाजंवर."

एवढं बोलून त्यांनी दूधभाकरी संपवली. दुःख नाही, कुरकुर नाही. जनावराचं तोंड बघून निवाडा करावा तसा त्यांनी स्वतःचा निवाडा केला होता, आणि आबांचा निवाडा आजवर चुकला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली. माळावर मेंढरांमागं चालणारा माणूस बाजेवर बसला की किती दिवस टिकतो, हे मी माझ्या चुलत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. मेंढरं गेली की आबा जाणार, इतकं सरळ होतं ते.

"माणसाच्या दाताचं डॉक्टर असतंय आबा. सांगलीला जाऊ."

"न्हाई."

"का पर?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तोंड कुनाचं बगत्यात? इकायच्या जनावराचं. आजवर म्या दुसऱ्याची तोंडं उगडली. माजं कुनी उगडलं म्हंजी म्या बाजारात उबा ऱ्हायलो."

मी हात टेकले. आई म्हणाली, तू दमून आलीस, पड जरा. मंगळवारी मी पुन्हा विषय काढला, त्यांनी मेंढरांकडं बघत ऐकून घेतलं आणि उठून गेले. माझी चडफड चालली होती. चार दिवसांवर शनिवार.

बुधवारी सकाळी त्यांनीच मला हाक मारली. बाजाराला न्यायच्या आधी कुठली मेंढी किती दाती हे लावून घ्यायचं होतं आणि त्यांना जवळचं नीट दिसेनासं झालं होतं. "तुजी नजर हाय," म्हणाले. मला रडू आलं, पण मी वाघरात शिरले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. एकेक मेंढी आबा धरायचे, मी अंगठा घालायची आणि सांगायची. चारदाती. जुळली. दोनदाती. जुळली. वीस वर्षांनी हात चालत होता आणि जराही थरथरत नव्हता. आई जाळ्याबाहेर शेणाची पाटी घेऊन उभी होती.

असं करत करत आम्ही काळ्या तोंडाच्या मेंढीपाशी आलो. हिची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांमागं बाजारात तिला कुणी हात लावत नव्हतं. पुढचे तीन दात गायब, म्हणजे बोळकी, असं म्हणून सगळे पुढं जायचे. आबा थांबले. त्यांनी बाहेरून गालावरून बोटं फिरवत दाढा चाचपल्या, उरलेले दात बघितले आणि ती घेऊन टाकली. दगडाचा मार बसून दात गेले होते, वय झालेलं नव्हतं. काही दिवस तिला चारा बारीक करून घातला. पुढं तिनं चार वेळा पिल्लं दिली. तेव्हा आबा सगळ्यांना सांगत सुटले होते, "म्होरचे दात बगून निकाल लावतो त्यो कच्चा गडी. दाढंपातूर जायाला पायजे."

मी तिचं तोंड मिटलं आणि उभी राहिले. आबा दगडावर टेकले होते. त्यांचा चेहरा माझ्या छातीएवढ्या उंचीवर. काय अंगात आलं कुणास ठाऊक.

"आता तुमी," मी म्हटलं, आणि त्यांना कळायच्या आत डाव्या हातानं हनुवटी धरली.

"ए, काय करतीस?"

"भ्यायचं न्हाई. माजा हात थरथरत न्हाई."

जाळ्याबाहेर आईचं हसू फुटलं. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि काय वाटलं त्यांना, तोंड उघडलं.

आधी वास आला. सडका. मी मान फिरवली नाही. त्यांना उजेडाकडं वळवलं आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणं पुढून मागं गेले. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळाकाळा थर चढला होता, चहाच्या भांड्याला आतून बसतो तसा, आणि हिरड्या त्याच्या मागं सरकल्या होत्या. नुसतं बोट लागलं तर रक्त आलं. उजवीकडची मागची दाढ मधोमध काळी, मूग बसेल एवढं भोक. तिच्या बुडाशी हिरडीवर पांढऱ्या तोंडाची पुळी. तिच्यापुढं एका दाताचा नुसता खुंट. जिथं तंबाखू धरायचे तिथं गालाला आतून पांढरा चट्टा. तो बघून मला बरं वाटलं नाही. मग मी बाकीच्या दाढा अंगठ्यानं दाबून बघितल्या. एकेक करत सगळ्या. एकही हलली नाही.

मी हात काढला आणि लुगड्याच्या चिंधीला पुसला.

"काय दिसलं?" आबांनी विचारलं. बाजारात विचारतात तसंच, डोळ्याला डोळा न देता.

"दात झिजल्यालं न्हाईत. दाढा घट्ट हायत. पुढचा थर खरवडला न्हाई म्हणून हिरडी सुटलीय, त्यानं दात हलत्यात. एका दाढंत पू झालाय. ह्यो रोग हाय आबा, वय न्हाई. तुमी म्होरचे दात बगून निकाल लावलासा."

काळ्या तोंडाची मेंढी त्यांच्या गुडघ्याला अंग घासत होती, तिच्या मानेत बोटं घालून आबा बसून राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस उठून जाणार. पण ते म्हणाले, "शुक्रवारी जाऊ. तुज्या डॉक्टरनीनं सांगितलं की बोळकं हाय, तर शनवारी मेंढरं बाजारात. मंग तू मदी तोंड घालायचं न्हाई." मी म्हटलं, कबूल. बोलून गेले आणि मग मलाच घाम फुटला, कारण मी कुठली डॉक्टर.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं निघालो. आबांनी जत्रेसाठी ठेवलेला धुतलेला पटका बांधला होता. वाटभर उजवा गाल हातात धरून खिडकीबाहेर बघत होते. आदल्या संध्याकाळपासून तंबाखू बंद, अशी माझी अट होती, त्यामुळं कळ लपायला जागा नव्हती. तासगावच्या पुढं द्राक्षबागा लागल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पटक्याच्या शेवटानं पुसत होते. मला वाईट वाटलं आणि रागही आला. सहा महिने माणूस हे घेऊन कळपामागं चालत होता.

सांगलीत माझी दाढ वाचवणाऱ्या बाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान, बोलायला मोकळी. आबा खुर्चीत बसले, खुर्ची आपोआप मागं कलली तसे त्यांनी दोन्ही हातांनी तिचे दांडे पकडले. बाईंनी हातमोजे घातले, दिवा ओढला, छोटा आरसा घेतला आणि म्हणाल्या, "आ करा." आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी आ केला.

बाईंनी बराच वेळ बघितलं. एक बारीक सळई घेऊन दाताभोवती टोचत होत्या आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत होत्या. मग फोटो काढला. तो पडद्यावर आला तसा त्या पुढं वाकून बघत राहिल्या. मी कोपऱ्यात उभी. माझ्या कानात नुसतं शनिवार, शनिवार चाललं होतं.

"आजोबा, दात कधीपासून हलताहेत?"

"दिवाळीपास्नं."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"वय झालं. वय झालं की दात जात्यात."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मेंढरानं," आबा म्हणाले.

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आदतपासून बोळक्यापर्यंत, शनिवारच्या बाजारापर्यंत. त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवून ऐकलं. आबा छताकडं बघत पडले होते. माझं संपल्यावर त्यांनीच विचारलं, "मंग बाई, मला किती दाती म्हनायचं?"

बाई हसल्या नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी पडदा आबांच्या बाजूला वळवला आणि एकेक दात बोटानं दाखवत गेल्या. हा खुंट काढावा लागेल. ही दाढ आतून पोखरलीय, पण मुळं चांगली आहेत, आतला पू काढून साफ करून भरली की वाचेल, वर टोपी बसवू. हे दोन हलतात ते थर साफ केल्यावर बरेचसे धरतील, त्यांना शेजारच्या दातांशी बारीक तारेनं बांधू. पडलेल्याच्या जागी नवा बसवू. "आणि बाकीचे सगळे तुमचे आहेत. नीट राखले तर अजून कितीतरी वर्षं जातील. तुमच्या भाषेत," त्या जरा थांबल्या, "जुळलेले."

मग त्या चट्ट्यावर आल्या आणि आवाज बदलला. तो दुखत नाही म्हणून साधा समजू नका, म्हणाल्या. तंबाखू आजच सुटली पाहिजे, आणि तीन महिने मी तो दर वेळी बघणार. कमी झाला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवणार. आबांनी मान डोलावली. एवढ्या सरळ शब्दांत कुणी सांगितलं की ते ऐकतात. मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

त्या दिवशी बाईंनी सुई देऊन दाढ वरून उघडली आणि पू बाहेर काढला. तासाभरानं आबा जिना उतरून रस्त्यावर आले. अर्धा गाल बधिर, बोलताना ओठ एकीकडं जायचा. कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी खिशातला फोन काढला आणि व्यापाऱ्याला लावला. आमच्या आबांना फोनवर ओरडून बोलायची सवय आहे.

"उंद्याला येत न्हाई. न्हाई न्हाई. मेंढरं न्हाईत द्यायची." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "आवं, तोंड दाखवून आलोय. जुळल्यालं हाय."

रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. मी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. चार दिवसांचं साचलेलं होतं. आबा फोन ठेवून म्हणाले, "आता का रडतीस? चल, च्या पाज." मी म्हटलं, सुईचं बधिरपण उतरल्याशिवाय चहा नाही, ओठ भाजेल. तर रागावले. माझा बाप परत आला होता.

पुढचे तीन महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याला पहिली एसटी. आईनं आणि माझ्या चुलतभावानं तेवढा दिवस मेंढरं सांभाळायची. तंबाखू सोडताना आबांनी घर डोक्यावर घेतलं. आईवर खेकसायचे, कुत्र्यावर खेकसायचे. एकदा पुडी आणायला निघाले तर आईनं वाघराची काठीच आडवी धरली. तिनं कुठलं तरी भाषण केलं असेल असं मला वाटलं होतं. विचारलं तर म्हणाली, "नुसती हुबी ऱ्हायले. लय येळ हुबी ऱ्हायले." मग बडीशेप आली. ब्रशही आला. जन्मभर राखेनं आणि बाभळीच्या काडीनं दात घासलेला माणूस, वाघरापाशी उभा राहून तोंडात फेस काढतोय आणि मेंढरं माना वर करून बघतायत, असा फोटो आईनं शेजारच्या सुनेकडून काढवून मला पाठवला. तो मी कारखान्यात सगळ्यांना दाखवला.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी दिवा ओढून गालाच्या आत बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, चट्टा खूप उतरलाय. बघत राहायचंय, पण उतरलाय. दाढेवर टोपी बसली होती. खालचे दोन दात तारेत घट्ट. खिंडारात नवा दात. जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या शनिवारी आबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. बाजाराला जायचंय, म्हणाले. काय काम ते सांगेनात. सकाळी आठच्या सुमारास पोचलो तेव्हा बाजार भरात होता. धूळ, मेंढरांची बें-बें, टेंपोंचे हॉर्न. आणि समोरून तोच व्यापारी आला, खांद्यावर टॉवेल, बरोबर त्याचे चार सोबती. माणूस वाईट नाही, पण जीभ सैल.

"काय आबा, शब्द मोडलासा. आज तरी देताय का न्हाई? समदं बोळकं झाल्यावर कुनी हात लावनार न्हाई."

तो मेंढरांबद्दल बोलत होता का आबांबद्दल, ते त्यालाच माहीत. आजूबाजूचे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी पुढं झाले, पण आबांनी हातातली काठी माझ्याकडं दिली. दोन पावलं व्यापाऱ्यापाशी गेले, पटका मागं सारला, मान वर केली आणि भर बाजारात तोंड उघडलं.

ज्या माणसानं तोंड उघडायला नको म्हणून सहा महिने कळ सोसली, तो बाजाराच्या मधोमध जनावरासारखा उभा होता. पण तसा तो दिसत नव्हता. विकायच्या जनावराची मान खाली असते. आबांची मान ताठ होती.

"बग," तोंड उघडंच ठेवून ते म्हणाले. मग क्षणभर मिटलं. "म्होरचे बगून निकाल लावू नगंस. दाढंपातूर जा."

पुन्हा उघडलं. व्यापारी आधी हसला, मग त्याला कळेना काय करावं, आणि शेवटी धंद्याची सवय म्हणा, तो खरंच वाकला. उन्हाकडं मान कलवून त्यानं नीट आत बघितलं. पुढचे, मागचे, टोपीची दाढ. आबांच्या हनुवटीला हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही.

"जुळलंय की वो," तो म्हणाला. थट्टेनं नाही. माल बघून खरं बोलावं तसं.

मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. आबांनी तोंड मिटलं, टॉवेलवाल्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि मला म्हणाले, चल. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला एका म्हातारीपाशी दोन माद्या बांधलेल्या होत्या. आबांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली, पाय बघितले, लोकर हातात घेतली. मग बाजूला सरकले.

"तू बग गं."

मी डाव्या हातानं हनुवटी धरली आणि कोपऱ्यातून अंगठा घातला. दुधाचे आठ दात, तांदळाएवढे. दुसरीचेही तसेच. अशी जनावरं म्हातारी माणसं घेत नाहीत. ती वाढायला, व्यायला, कळप व्हायला वर्षं लागतात.

"आदत हायत आबा," मी म्हटलं. "दोनी बी."

"असू दे," आबा म्हणाले. "येळ हाय आपल्याकडं."